फुल्यांच्या वहीबद्दल बाईंना थँक्यू

बाई, सप्रेम सलाम.

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, जेवलास का" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. आता बदला विषय.

चर्चच्या उन्हाळी शिबिरातल्या मुलांच्या नोंदींची तुमची ती निळी वही अजून माझ्याकडेच आहे. दोनदा वाचून झाली आणि तिच्यात मला मीच सापडलो. वय ९, पांघरूण आणलेलं नाही, आणि पुढे 'रात्री' असं लिहिलेल्या रकान्यात तीन फुल्या. म्हणजे पाच रात्रींपैकी तीन रात्री मी रडलो होतो, आणि मला त्यातली एकही आठवत नाही, मला आठवतं ते फक्त बायबलच्या वचन पाठांतराचं बक्षीस, आणि इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलोय की कॅम्पमध्ये आपण पहिल्या दिवसापासून एकदम खुश!

बाकीच्यांना कळावं म्हणून सांगतो. जुबिलीच्या पुस्तिकेसाठी आपल्या उन्हाळी शिबिराचा इतिहास लिहायचं काम मंडळीने, म्हणजे आपल्या चर्चने, माझ्या गळ्यात मारलं, कारण मला टायपिंग येतं, बाकी काही क्वालिफिकेशन नाही. मी मिटिंगची रजिस्टरं काढून बसलो. पाळक (म्हणजे पास्टर) कोण होते, उद्घाटन कोणी केलं, प्रार्थना कोणी चालवली, आभार कोणी मानले. सोळा पानं झाली. तुम्हाला वाचायला दिली तर तुम्ही चष्मा काढून एवढंच म्हणालात, "अरे हे कमिटीचं शिबीर झालं, मुलं कुठेयत यात?" राग आला होता तेव्हा, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी तुम्ही वही पाठवलीत आणि सोबत चिठ्ठी, आधी जगातलं वाच मग आपलं लिही.

वाचलं मग. आणि मजा म्हणजे जिथे जाईन तिथे तुमचाच प्रश्न उभा. संडे स्कूल, म्हणजे चर्चची रविवारची मुलांची शाळा घ्या, रॉबर्ट रेक्स, इंग्लंडमधलं ग्लॉस्टर, १७८०. रविवारच का तर मुलं बाकीचे सहा दिवस कामाला जुंपलेली, तेवढाच एक दिवस मोकळा. म्हणजे टाइमटेबल मुलांच्या दिवसावरून ठरलं. उन्हाळ्याचंही तसंच, शाळेला सुट्टी आणि मुलं रिकामी, म्हणून शिबीर.

मला सगळ्यात आवडले ते जोसाया स्पायर्स. १८६७ मध्ये लंडनला त्यांनी खास मुलांसाठी सभा घ्यायला सुरुवात केली, पुढे त्यातूनच मुलांना बायबल शिकवणारी स्क्रिप्चर युनियन ही संस्था उभी राहिली. तर १८६८ च्या उन्हाळ्यात हा माणूस वेल्समध्ये लँडिड्नोच्या समुद्रकिनाऱ्यावर गेला आणि वाळूत मोठ्ठी अक्षरं काढली, 'देव प्रीती आहे', आणि तिथे खेळणाऱ्या पोरांना म्हणाला, चला, गोटे आणि शिंपले आणून सजवा. बस. स्टेज नाही, माइक नाही, आणि भरती आली की अक्षरं गायब. आमच्या सोळा पानांत बॅनरच्या खर्चावरच अर्धं पान आहे.

मग तंबू. १८६१ मध्ये अमेरिकेत कनेक्टिकटला फ्रेडरिक गन नावाचे हेडमास्तर शाळेच्या मुलांना घेऊन समुद्रकाठी दोन आठवडे राहिले, तेव्हा तिकडे सिव्हिल वॉर सुरू झालेलं आणि मुलांना सैनिकांसारखं तंबूत झोपायचं होतं. ते काही चर्चचं शिबीर नव्हतं, पण आपली पहाटेची शिट्टी आणि रांगेतली हजेरी बघितली की वाटतं ते सैनिकी वेड अजून उतरलेलं नाही. चर्चचं पहिलं शिबीर म्हणून जे सांगतात ते १८८० चं, रेव्हरंड जॉर्ज हिंकली, ऱ्होड आयलंडमधलं गार्डनर्स आयलंड, मुलं किती तर सात. पुढे १८८५ मध्ये वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेचे समनर डडली न्यूयॉर्क राज्यात ऑरेंज लेकला मुलं घेऊन गेले, तीही सातच! सगळ्यांनी टक्कल केलेलं म्हणून त्या कॅम्पचं नावच पडलं बाल्डहेड. डडली वारले १८९७ मध्ये, मग कॅम्पला त्यांचं नाव दिलं, आणि तो कॅम्प डडली आजही चालतो, आता लेक शॅम्प्लेनच्या काठी. आपल्याकडे एका वर्षी अकराच मुलं आली तर कमिटीत शिबीर बंद करायची भाषा झाली होती ना? वहीत त्या वर्षीच्या पानावर तुम्ही लाल पेनने नुसतं '११ पुरे' लिहिलंय. हिंकली, डडली वाचायच्या आधी मला ते हट्टीपणाचं वाटलं होतं.

आणि तुम्ही व्हीबीएस, म्हणजे व्हेकेशन बायबल स्कूल, सुट्टीतली बायबल शाळा घेताना ज्यांचं नाव काढायचात त्या एलायझा हॉज. १८९८, न्यूयॉर्कची ईस्ट साइड, गरीब वस्तीतली पोरं सुट्टीत दिवसभर रस्त्यावर, म्हणून या बाईंनी चक्क बिअर हॉल भाड्याने घेतला आणि तिथे गाणी, बायबलच्या गोष्टी, वचनं, खेळ, हस्तकला असं सगळं सुरू केलं. पुढे पाळकांनी धरलं की हे चर्चच्या इमारतीत घ्या, तर म्हणे मुलं यायचीच बंद झाली आणि वरात परत जुन्या गल्लीत. १९०१ पासून रॉबर्ट बोव्हिल यांनी तीच पद्धत शहरभर पसरवली आणि व्हीबीएस म्हणून आज ती सगळ्या जगात आहे, पण सुरुवात बिअर हॉलमधून झाली हे मंडळीत सांगितलं तर दोन-तीन जणांचे चेहरे बघण्यासारखे होतील. मी सांगणार आहे.

आता एक जड गोष्ट. ती मी गाळणार होतो आणि तुम्ही गाळू दिली नाहीत. इंग्लंडमध्ये जॉन स्माइथ नावाचा वकील, ख्रिस्ती समर कॅम्पमध्ये मोठं नाव, तिथे ओळख झालेल्या मुलांना आणि तरुणांना त्याने भयंकर मारलं. १९८२ मध्येच आतल्या आत रिपोर्ट झाला होता, चर्चमधल्या काही लोकांना माहीत होतं आणि ते गप्प बसले. तो २०१८ मध्ये मेला, इंग्लंडमध्ये त्याच्यावर खटला झालाच नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये या प्रकरणाच्या चौकशीचा मेकिन रिपोर्ट आला आणि चर्च ऑफ इंग्लंडचे प्रमुख आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना राजीनामा द्यावा लागला. मी म्हटलं, बाई, जुबिलीच्या पुस्तिकेत हे कशाला, आपल्याकडे तर असं काही झालं नाही. तुम्ही म्हणालात, "झालं नाही हे तुला कुणी सांगितलं? कमिटीनेच ना?" आणि मग वहीचं पहिलं पान उघडायला सांगितलंत. तिथे तुमचे नियम. मोठं माणूस मुलाबरोबर एकटं थांबणार नाही, कायम दोघं. दार उघडं. मूल म्हणालं घरी जायचं, तर आधी घरी फोन, मग प्रार्थना.

हा शेवटचा नियम मी चार वेळा वाचला. 'आधी फोन मग प्रार्थना' हे त्या काळात, त्या कमिटीसमोर, एका संडे स्कूल टीचरने लिहून ठेवायचं म्हणजे काय झालं असेल याची मला थोडी कल्पना आहे, कारण रजिस्टरमध्ये त्या वर्षीच्या मिटिंगमध्ये 'बाईंना समज देण्यात आली' असं एक वाक्य आहे, कशाबद्दल ते लिहिलेलं नाही.

म्हणून थँक्यू. त्या समजेनंतरही पुढच्या उन्हाळ्यात परत आलात म्हणून, आणि रोज रात्री दाराशी चटई टाकून झोपलात आणि टॉर्च घेऊन फिरत फुल्या मारल्यात म्हणून. मला वाटतं पुढच्या वर्षीच्या झोपायच्या जागा तुम्ही त्या फुल्यांवरून ठरवायचात, कारण दुसऱ्या वर्षी माझी जागा एकदम दाराजवळ, तुमच्या चटईशेजारी आहे आणि रकाना कोरा.

नवीन मसुदा चौदा पानांचा झालाय. सुरुवात वहीच्या पहिल्या पानाने, उद्घाटनं सगळी मिळून एका परिच्छेदात कोंबली आहेत, कुणाला राग आला तर माझं नाव सांगा. मुलांची नावं कुठेच घातली नाहीत, नुसती वयं आणि फुल्या.

वही रविवारी उपासनेनंतर परत देतो, मधलं एक पान सुटलं होतं ते चिकटवलंय. फक्त एक शंका आहे. काही फुल्यांच्या शेजारी तुम्ही बारीक 'ना' लिहिलंय, माझ्या दुसऱ्या रात्रीच्या फुलीशेजारी पण आहे. ना म्हणजे नाटक का? खरं सांगा, मी चिडणार नाही.

तुमचा,
तीन फुल्यावाला