तीन माद्यावाल्यांसाठीही लिहा

संपादक महोदय,
स. न.

आपल्या शेतीच्या पानावर राष्ट्रीय पशुधन अभियानातल्या वराहपालन अनुदानाची माहिती वाचली. १०० माद्या, १० नर, ५० टक्के अनुदान, ३० लाखांपर्यंत. चांगलंच आहे. माझ्याकडे तीन माद्या आहेत. (कागदावर वराह, आमच्याकडे डुकरंच.) माल गोव्याला जातो, नाताळात भाव बरा मिळतो. पण विकायला आधी पिल्लं जगली पाहिजेत. ती पहिल्या आठ-दहा दिवसांत हगवणीने का जातात, यावर चार ओळी कुठे वाचायला मिळत नाहीत.

यंदा पौषात यॉर्कशायर जातीची मादी व्याली, अकरा पिल्लं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर दोघांच्या शेपट्या ओल्या, ढुंगणं लालबुंद, खाली पिवळं पाणी. संध्याकाळपर्यंत सहा झाली. कातडी चिमटीत धरून सोडली तर वळी तशीच उभी राहायची. औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिकची पूड आणली. किती द्यायची ते ना त्याने सांगितलं, ना मी विचारलं. चार गेली. शेजारीण म्हणाली, दृष्ट लागली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी पिल्लांच्या आधी जमिनीला हात लावला. कोबा गार आणि ओला. रोज सकाळी मी पाइपने शेड धुवायचे, स्वच्छता म्हणून! नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला ३२ ते ३४ अंशांची ऊब लागते. गारठलेली पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसतात, सडाला लागत नाहीत, चीक पोटात जात नाही. वासराला चीक पाजायचा हे आम्हाला पाठ आहे, पण पिल्लांचं कोण बघतं? आणि त्यांना रोगाशी झुंजायचं बळ आईच्या पोटात मिळत नाही, ते चिकातूनच येतं, तेही पहिल्या दिवसात प्यायला तरच. मग कोरडं गवत अंथरलं, वर बल्ब टांगला, दर तासाला सिरिंजने ओआरएस पाजलं. उरलेली सातही जगली.

दुसरी गोष्ट लोहाच्या इंजेक्शनची. डुकरिणीच्या दुधात लोह फार थोडं. मोकळी डुकरं माती उकरून ते भागवतात, कोब्यावरच्यांनी कुठून आणायचं? पिल्लाचे कान कागदासारखे पांढरे पडतात, आणि असं अशक्त पिल्लू हगवणीत टिकत नाही. पहिल्या तीन-चार दिवसांत एक इंजेक्शन पुरतं. पण जवळच्या दवाखान्यात गाईगुरांचं औषध असतं, हे नसतं. शहरातून बाटली आणावी तर तीन माद्यांना ती संपत नाही, म्हणून आता आम्ही डुकरं पाळणाऱ्या तिघी मिळून आणतो.

एखाद्या पशुवैद्यकाकडून एवढं लिहून घ्याल का? आणि लोहाची बाटली गावच्या दवाखान्यात ठेवायला काय अडचण आहे, तेही खात्याला विचारा. माझी दुसरी मादी महिन्याभरात व्यायची आहे, त्याआधी छापून आलं तर बरं.

— एक वाचक, जि. सिंधुदुर्ग