नाशिकच्या होस्टेलवर असलेल्या मुलास

राहुरी

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

मेसची पोळी कच्ची आणि वरण पाण्यासारखं, हे तुझं गाऱ्हाणं ऐकलं. लोणच्याची बरणी पाठवतेय, बाकी सवय होईल. मला दुसरंच बोलायचंय.

फोनवर तू सहज बोलून गेलास, की रात्री पांघरूण डोक्यावर घेऊन प्रार्थना करतो आणि मोबाईलवर वचन वाचतो, म्हणजे खोलीत कोणाला कळत नाही. पवित्र शास्त्र बॅगेत टॉवेलखाली आहे. वर मलाच मत्तयाचा सहावा अध्याय ऐकवलास, की खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना कर. अरे, लोकांनी बघावं म्हणून चव्हाट्यावर उभे राहणाऱ्यांसाठी प्रभूने ते सांगितलं. तुला तर लोकांनी बघू नये असं वाटतंय.

दानीएलाचा सहावा अध्याय काढ. तीस दिवस राजाखेरीज कोणाकडे मागणं करायचं नाही, नाहीतर सिंहांच्या गुहेत, असा हुकूम निघाला. दानीएल घरी गेला. यरुशलेमेकडच्या खिडक्या उघड्याच होत्या. त्याने रोजच्यासारखी दिवसातून तीनदा गुडघे टेकून प्रार्थना केली. हुकूम निघाला म्हणून एक वेळ वाढवली नाही की एक कमी केली नाही. तूही तेवढंच कर. घरी झोपायच्या आधी पलंगाशी गुडघे टेकायचास, तसे तिथेही टेक. शास्त्र टेबलावर अभ्यासाच्या पुस्तकांशेजारी राहू दे. ताटावर डोळे मिटलेस की मेसमध्ये “झोप लागली का रे?” म्हणतात ना, म्हणू देत. चार दिवस म्हणतील.

तुझा तो सिन्नरचा रूममेट रोज आंघोळ करून मोठ्याने स्तोत्र म्हणतो, हे तूच सांगितलंस. त्याला कधी लपवावंसं वाटलं नाही, मग तुला का वाटावं? तिथे त्याच्यासारखे पुष्कळ आहेत आणि तू एकटा, हे मला कळतं. “तुम्ही घरी इंग्रजीत बोलता का” असंही विचारतील. चिडू नकोस. आपल्या घरी पणजोबांपासून मराठीतच प्रार्थना होते आणि ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आपण टाळ-मृदंगावर म्हणतो, हे सांग. एखादं म्हणून दाखव, तुझा गळा चांगला आहे.

आता गणपतीतली गोष्ट. आरतीनंतर हातावर मोदक ठेवला, तू खाल्लास आणि रात्रभर तळमळलास. झालं ते झालं, त्याचा घोर लावून घेऊ नकोस. पौलाने करिंथकरांच्या पहिल्या पत्रात आठव्या आणि दहाव्या अध्यायात हाच प्रश्न घेतलाय. अन्नामुळे आपण देवाच्या जवळ जात नाही, असं तो म्हणतो. आणि हे नैवेद्याचं आहे असं कोणी सांगितलं, तर सांगणाऱ्याखातर खाऊ नका, असंही म्हणतो. आपल्या मंडळीत दोन्ही मतांची माणसं आहेत. मला विचारशील तर आरतीचं ताट समोर आलं की हात जोडून “मी घेत नाही रे, राग मानू नकोस” म्हण. तुझ्या रूममेटच्या आईने डब्यातून पाठवलेले मोदक मात्र मागून खा. आणि मंडप बांधायला, विसर्जनानंतर सगळं झाडून काढायला पहिला तू हो.

एका छपराखाली दोन श्रद्धा नांदू शकतात. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. त्यांची बायको लक्ष्मीबाई, तुमच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, बऱ्याच काळाने त्यांच्याकडे राहायला आल्या तेव्हा हिंदूच होत्या. स्वयंपाक-पाणी वेगळं, सोवळं वेगळं. टिळकांनी ते तसंच चालू दिलं. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःच्या मनाने.

वाईनरीच्या सहलीला चल म्हणतात, तेव्हा डोकं दुखतंय वगैरे सांगू नकोस. “मी पीत नाही” एवढं पुरे.

रविवारी अंथरुणात पडून मोबाईलवर उपासना बघतोस, ते मला अजिबात पटलेलं नाही. तिथल्याच शरणपूरला उपासनेला जा. ती वस्ती मिशनऱ्यांनी १८५४ साली वसवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेतली मुलं तिथे राहिली, शिकली, हातात कसब घेऊन बाहेर पडली. जेकब वेनराइट त्यांतलाच. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी डॉ. लिव्हिंगस्टन यांचा मृतदेह आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत तो होता, आणि १८७४ साली लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीलाही हजर होता. त्या पोरांना घर कसलं, आपली माणसंही राहिली नव्हती. शरणपूरनेच त्यांना सांभाळलं. तू तर घरापासून एका एसटीच्या अंतरावर आहेस. उपासना संपली की लगेच सटकू नकोस. पाळकसाहेबांना सलाम कर, राहुरीचा म्हणून सांग. आपल्याकडचं कोणी ना कोणी तिथे निघतंच.

नाताळच्या सुट्टीत त्या सिन्नरच्या पोराला घेऊन ये. आधी त्याच्या आईला विचारायला सांग. करंज्या, अनारसे तर करणारच आहे, त्याचा शाकाहारी स्वयंपाक वेगळा करीन. भांडी वेगळी लागत असतील तरी मोकळेपणी सांग म्हणावं, नवीन काढून ठेवते. बाबांनी मेसचे पैसे टाकलेत, मिळाले की कळव.

तुझी,
आई