आमची कटकट मिटवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

समोर आभार मानले, तर तुम्ही "बरं बरं, पाने-पकडी मोजून ठेव" म्हणत लिफ्टकडे वळाल. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

आमच्या जुन्या हॅचबॅकने पावसाळाभर दोन सूर लावले होते. स्पीडब्रेकरवर पुढून खडखड, आणि गेटातून स्टिअरिंग पूर्ण कापून वळलं की कटकटकट. एका गॅरेजने गाडी वरसुद्धा न उचलता दोन्ही शॉकअप (धक्के शोषणारे), दोन्ही एक्सल (चाकं फिरवणारे दांडे) आणि लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा हात) बदलायला सांगितले. आकडा ऐकून मी गाडी विकायलाच काढली होती. तुम्ही नुसते वाकलात, डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने बोट फिरवलंत आणि ते काळंकुट्ट बोट माझ्यासमोर धरलंत. "बूट फाटलाय. हे ग्रीस जॉइंटच्या आत हवं, ते रिमवर काय करतंय?" बूट म्हणजे एक्सलच्या टोकाच्या सांध्यावरचं, सीव्ही जॉइंटवरचं, रबरी आवरण.

मला वाटलं होतं, आता तुम्ही बाह्या सरसावणार. तुम्ही स्टूल आणवलंत आणि त्यावर बसलात. कामाला हात माझेच.

मागच्या चाकांना दगड लावून पुढची बाजू उचलली, खाली स्टँड सरकवले. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून मी वाकायला गेले, तेव्हा तुम्ही ओरडलात ते तिसऱ्या मजल्यावर ऐकू गेलं असेल. मग चाक वर-खाली धरून हलवायला लावलंत, लोअर आर्मखाली टॉमी (लोखंडी पहार) घालून उचकायला लावलंत. आर्म चाकाकडे जोडणारा बॉल जॉइंट हलताना बोटांना कळला. वळणावर गाडीचा झोक आवरणाऱ्या दांड्याचा लिंक रॉड तर हातानेच खुळखुळत होता. उजवी बाजू घट्ट, शॉकअप कोरडे. "त्यांना हात लावायचा नाही. त्यांच्यावरची स्प्रिंग दाबून बसवलेली असते, सुटली तर जीव घेईल."

आमच्या गाडीत बॉल जॉइंट सुटा मिळत नाही, त्यामुळे आख्खा आर्म, लिंक रॉड आणि सीव्ही जॉइंटचा किट नाना पेठेतून आणला. ३२ची गोटी (नटावर बसणारा सॉकेट) आणि हातभर लांब पाइप जुन्या बाजारात मिळाला. तिथे भाव कसा करायचा, हेही तुम्हीच पढवून पाठवलं होतंत.

हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा, नट मी आयुष्यात विसरणार नाही. त्याची कड एक्सलच्या खाचेत ठोकलेली असते, ती आधी छिन्नीने उचलायची. मग गाडी जमिनीवर, धाकटा भाऊ ब्रेक दाबून बसलेला, आणि पाइपच्या टोकाला लोंबकळणारी मी. टक्क! मला वाटलं काहीतरी तुटलं. तुम्ही म्हणालात, "सुटला. आता चहा."

बॉल जॉइंट सोडवून नकल (हब धरणारा भाग) बाहेर ओढला आणि एक्सलचं टोक हबमधून काढलं. गिअरबॉक्सकडचं टोक तुम्ही हलूसुद्धा दिलं नाहीत, तेल सांडेल म्हणून. (फरशीवर फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरला होता, तरी सेक्रेटरी दोनदा येऊन बघून गेलेच.) जुना सीव्ही जॉइंट उतरवून पुसल्यावर तुम्ही तो माझ्या तळहातावर उलगडलात. पिंजऱ्यात सहा गोळ्या, आणि त्या जिथे फिरतात त्या खाचांत नखाला लागतील असे खड्डे. फाटक्या बुटातून ग्रीस उडालं, चिखलपाणी आत गेलं आणि गोळ्यांनी वाट खरवडली. वेळेत लक्ष गेलं असतं, तर नुसत्या रबरी बुटावर भागलं असतं. नव्या जॉइंटमध्ये किटमधलंच काळं मॉलिब्डेनम ग्रीस भरलं, बुटातली हवा सोडून क्लिप आवळली. हबचा नटही नवीन घालायला लावलात.

लोअर आर्मच्या बुशचे (सांध्यातल्या रबरी नळीचे) बोल्ट मी हवेतच कसायला निघाले होते. तुम्ही थांबवलंत. चाक लोंबकळत असताना कसले, तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आधी आर्मखाली जॅक घेऊन गाडीचं वजन त्यावर येऊ द्यायचं, मग कसायचं. इतकी साधी गोष्ट, पण किती गॅरेजांत पाळली जात असेल, मला शंकाच आहे.

चाकांचं अलाइनमेंट बाहेरून करून घेतलं. काल कात्रज घाटातून जाऊन आलो, प्रत्येक वळणावर भाऊ काच खाली करून कान देत होता. काही नाही.

पैसे तुम्ही घेणार नाही, हे ठाऊक आहे. आईने शेंगदाण्याची चटणी पाठवलीय. काकूंना सांगा, या वेळी तरी डबा रिकामा परत करा. मागच्या वेळचे त्यांचे लाडू अजून संपले नाहीत.

आपली,
चौथ्या मजल्यावरची