खंड्याचे दोन साडेआठ

इंदूर,
कोजागरी पौर्णिमा

चि. सलीलला अनेक आशीर्वाद.

आम्ही परवा ताईच्या बाळंतपणासाठी बडोद्याला निघतोय. परत यायला मार्गशीर्ष उजाडेल, तोवर घर आणि आपला फेफरं येणारा कुत्रा खंड्या तुझ्या हवाली. फोनवर सांगितलेलं निम्मं तू विसरतोस, म्हणून लिहून ठेवतेय. आणीबाणीचा कागद फ्रिजवर चिकटवलाय. हे पत्र मात्र निवांत बसून वाच.

आधी झटके रोखणाऱ्या गोळ्या. सकाळी साडेआठ आणि रात्री साडेआठ, फिनोबार्बिटोन ९० मिग्रॅ. म्हणजे ६० ची एक आणि ३० ची एक. दोन्ही पट्ट्या लांबून सारख्याच दिसतात, तेव्हा रंग बघू नकोस, आकडा वाच. खंड्या ३० किलोचा आहे, त्या हिशेबाने किलोला ३ मिग्रॅ पडतं. औषध जुनं आहे, माणसांसाठी १९१२ पासून वापरात आहे. त्याचं रक्तातलं प्रमाण एका पातळीला टिकलं तरच ते राखण करतं, म्हणून बारा तासांचं अंतर. अर्धा तास इकडेतिकडे झाला तर काही बिघडत नाही. रविवारी उठायलाच अकरा वाजले, असं मात्र चालणार नाही. चुकून राहिलीच तर आठवेल तेव्हा लगेच दे. पुढच्या गोळीला तीन-चार तासच उरले असतील तर ती सोडून दे, दोन्हीची मिळून एकदम देऊ नकोस, आणि डॉक्टरांना कळव. गोळी पोटात गेल्या गेल्या उलटी झाली आणि त्यात ती अख्खी दिसली तर पुन्हा द्यायची. दिसली नाही तर आपल्या मनाने न देता फोन करायचा. औषध एकाएकी बंद पडणं सगळ्यात वाईट. वर्षभर झटका न आलेल्या कुत्र्यालाही त्यामुळे लागोपाठ झटके येऊ शकतात.

गोळी केळ्याच्या चकतीत दाबून दे. चीजमध्ये नको, कारण पुढे मिठाचं येतंय. दिल्यावर त्याच्या गालात बोट फिरवून बघ. केळं गिळून गोळी सोफ्यामागे ठेवून येण्यात तो पटाईत आहे.

रात्रीच्या जेवणात कालवून झटक्यांचंच दुसरं औषध, पोटॅशियम ब्रोमाइड, द्यायचं. बाटलीवर मिलीला २५० मिग्रॅ लिहिलंय, आपण सिरिंजने साडेतीन मिली घेतो. रिकाम्या पोटी दिलं तर मळमळतं. आणि इथेच मिठाचं ऐक, कारण इंदुरात राहून हे पाळणं फार अवघड आहे. मूत्रपिंडाला ब्रोमाइड आणि मिठातलं क्लोराइड यांच्यात फारसा भेद कळत नाही. एकदम जास्त मीठ पोटात गेलं की शरीर ते बाहेर टाकतं आणि त्याच्यासोबत ब्रोमाइडही जातं. रक्तातली पातळी उतरते आणि झटका येतो. उलट मीठ अचानक तोडलं तर ब्रोमाइड साठतं, मग तो दारू प्यायल्यासारखा झोकांड्या देतो. म्हणून रोज तेच जेवण, तेवढंच. या औषधाची पातळी बसायला तीन महिने लागतात, आणि ती बिघडवायला एका पाहुण्याने "एवढ्याने काय होतं" म्हणत टाकलेली मूठमूठ शेव पुरते. इंदुरात शेव पोह्यांवर असते, भाजीत असते, कधी नुसतीच वाटीत असते. पाहुण्यांना दारातच सांग. कचोरी, गराडू (तळलेला कंद) हेही नकोत. त्यात मीठ तर आहेच, शिवाय तेलाने स्वादुपिंडाला सूज येते आणि ब्रोमाइड घेणाऱ्या कुत्र्यांना तो धोका आधीच असतो. पोट आखडून, पाठीला कमान करून उभा राहिला आणि उलट्या करू लागला, तर त्याच दिवशी दाखव.

दिवाळीत फराळाचे डबे ओट्यावर, टीपॉयवर एकही नाही. चिवड्यात मनुका असतात, त्या कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विष आहेत. चॉकलेटचे खोके येतील, ते कपाटात. भूक हा या दोन्ही औषधांचा गुणच आहे, त्यामुळे तो ओल्या कचऱ्याच्या डब्यातही तोंड घालतो. डब्यावर पाटा ठेव आणि सकाळी कचरागाडीची गाणी ऐकू आली की आधी तो रिकामा कर. त्याचं केविलवाणं तोंड बघून वाटी वाढवू नकोस. फारच मागे लागला तर काकडी किंवा गाजर दे. पाणी मात्र कधीही कमी करायचं नाही. औषधाने तहान लागते, मग लघवीही होते, म्हणून दिवसातून चार वेळा बाहेर. घरात झाली तर रागावू नकोस, पुसून टाक. आणि फिनोबार्बिटोन घेणाऱ्या कुत्र्याने एक वेळचं जेवण नाकारलं तर ते हलक्यात घ्यायचं नाही. हिरड्या पिवळट दिसतात का बघ, यकृताचं काही असू शकतं.

आता झटक्याबद्दल. तो येण्याआधी कधी कधी खंड्या उगाच पायात घोटाळतो, कोपऱ्याकडे बघत बसतो. कधी काहीच कळत नाही. मग कुशीवर पडतो, पाय ताठ होतात, नंतर सायकल मारल्यासारखे हलतात, तोंडाला फेस, लघवी सुटते. बघवत नाही, हे खरं. पण त्या वेळी तो शुद्धीवर नसतो. तुझं पहिलं काम घड्याळ बघणं. अंदाज नको, कारण तिथे बसलेल्याला एक मिनिट पाच मिनिटांसारखं वाटतं. दुसरं, टीपॉय बाजूला ओढ, डोक्याखाली गोधडीची घडी सरकव, टीव्ही आणि मोठा दिवा बंद, पंखा चालू. तोंडात हात, चमचा, पाणी काहीही घालायचं नाही. कुत्रा जीभ गिळत नाही, तुझं बोट मात्र फोडेल. पाणी ओतलंस तर ते फुफ्फुसात जाईल. समोरच्या काकू कांदा नाहीतर चप्पल हुंगवायला धावत येतील, हातात किल्ली असेल. त्यांना "काकू, पंखा जरा मोठा करता का?" म्हण. त्या कामात राहतील आणि मानही राखला जाईल. चप्पल निरुपद्रवी आहे, पण कांदा कुत्र्याच्या पोटात गेला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. कापराची वडीही त्याच्या तोंडाशी नको, कापूर पोटात गेला तर स्वतःच झटके आणतो.

एक हात मोकळा असेल तर मोबाइलवर चित्रण कर. चारही पाय आणि तोंड दिसायला हवं. दोन्ही बाजू हलत होत्या की एकच, डोळे उघडे होते का, हाकेला कान हलला का, हे डॉक्टरांना तुझ्या सांगण्यापेक्षा चित्रणात नीट कळतं. नुसतंच ओठ चाटत राहणं, गालाची एकच बाजू फडफडणं, नसलेल्या माश्या पकडणं, हेही टिप. तेही झटक्याचे प्रकार असू शकतात.

बहुतेक झटके एक ते तीन मिनिटांत थांबतात. तीन मिनिटं झाली की निळा डबा उघड. पाच मिनिटांच्या आत औषध आत गेलेलं हवं, त्यापुढे मेंदूला इजा होण्याचा धोका वाढत जातो. डब्यात झटका थांबवणाऱ्या डायझेपामच्या २ मिलीच्या काचेच्या कुप्या आहेत. दर मिलीला ५ मिग्रॅ. डॉक्टरांनी खंड्याला ३० मिग्रॅ लिहून दिलंय, म्हणजे ६ मिली, तीन कुप्या. कुपीच्या मानेला कापूस गुंडाळून मोड, काच हातात घुसते. १० मिलीच्या सिरिंजमध्ये सुईने ओढ, सुई काढून टाक, तिच्या जागी कापून ठेवलेली मऊ नळी लाव, टोकाला व्हॅसलीन. शेपटी उचलून गुदद्वारात पाच-सहा सेंटिमीटर सरकव आणि सावकाश दाब. सिरिंज काढून थोडी हवा भरून पुन्हा दाब, नाहीतर अर्धा मिली नळीतच राहतो. मग शेपटी मिनिटभर खाली धरून ठेव. आधीच भरून तयार ठेवू का, असं तुला वाटेल. नाही. डायझेपाम प्लॅस्टिकला चिकटतं, आठवड्याने सिरिंजमध्ये दिसायला सगळं असतं पण कुत्र्याला कमी मिळतं. कुप्या उजेडातही ठेवायच्या नाहीत. आज-उद्यात एकदा नुसतं पाणी घेऊन हे सगळं करून बघ. भांड्यात दाबायचं, खंड्यावर नाही!

औषध देऊनही झटका चालूच राहिला तर थांबायचं नाही, फोन करत करत गाडी काढ. त्याला चादरीवर सरकवून दोघांनी चार कोपरे धरून उचला, म्हणून काकांचा नंबर पहिला लिहिलाय. गाडीत एसी पूर्ण. सतत स्नायू आखडल्याने अंग तापतं, ४१ अंशांच्या वर ताप गेला तर तोच जिवावर बेततो. पंजे, पोट, जांघा साध्या पाण्याने ओल्या कर, बर्फ नको. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तपासण्यांसाठी चांगलं, पण अशा वेळी तिकडे निघायचं नाही. फ्रिजवरच्या कागदावर जवळचा रात्री उघडा असणारा दवाखाना आहे, तिथेच. कंपाउंडर विचारेल, "दौरा कितने मिनट का था?" त्याला आकडा सांग, "बहुत देर" नको. झटका आपोआप थांबला पण चोवीस तासांत दुसरा आला, तर लगेच फोन. तिसरा आला तर सरळ दवाखाना.

थांबल्यावरची वेळ मला जास्त जपायची वाटते, कारण तेव्हा लोक मिठी मारायला जातात. खंड्याला त्या वेळी दिसत नसतं, तो भिंतीला धडकतो, तुलाही ओळखत नाही आणि घाबरून चावू शकतो. लांबून नावाने हाक मार, जिन्याचं फाटक लाव, येरझारा घालू दे. अर्धा तास लागेल, कधी रात्र जाईल. चारही पायांवर नीट उभा राहिला की थोडं पाणी, ते नीट गिळलं की मूठभर रोजचंच जेवण.

सगळं स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकोनात लिही: वेळ, किती मिनिटं, आदल्या दिवशी काय वेगळं झालं. चौकोनात तिथीही छापलेली असते, म्हणून लोक अमावास्या-पौर्णिमेशी सांगड घालतात. अमावास्या, पौर्णिमा आणि दोन्हींच्या आगेमागे एकेक दिवस धरला तर महिन्यातले सहा दिवस झाले. म्हणजे पाचातला एक झटका तसाही त्यांत पडणारच. त्यापेक्षा गोळी उशिरा झाली का, उलटी झाली का, काय खाल्लं, ते बघ.

फटाक्यांच्या दिवसांत संध्याकाळचं फिरणं अंधाराआधी. मग आतल्या खोलीत पडदे लावून कूलरचा नुसता पंखा मोठा चालू ठेव, आवाज दबतो. शेजारच्या कुत्र्याची "शांत झोपेची" गोळी कोणी आणून दिली तर घेऊ नकोस. गोचीड दिसल्या तर हाताने काढ, पण दुकानातून गोळी आणू नकोस. आयसॉक्झॅझोलिन गटातल्या गोळ्यांमुळे काही जनावरांना झटके येतात, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१८ मध्ये दिलाय. आपल्या डॉक्टरांनी दुसरा उपाय लिहून दिलाय, तो फाइलमध्ये आहे.

पट्ट्याच्या पिशवीत लसीकरणाचं कार्ड कायम ठेव. रस्त्यात झटका आला तर फेस बघून "पागल कुत्ता" म्हणून कोणी तरी दगड उचलतं. कार्ड दाखव आणि लोकांना लांब कर. पिसाळलेला कुत्रा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, हा तासाभराने बिस्किट मागत येतो. (ते द्यायचं नाही.)

कार्तिकी एकादशीच्या आठवड्यात रक्त तपासायचंय. सहा महिन्यांनी करतो, कारण फिनोबार्बिटोनमुळे यकृत ते औषधच भराभर पचवायला शिकतं आणि त्याच मात्रेत पातळी उतरत जाते. दर वेळी सकाळच्या गोळीआधीच रक्त घ्यायचं, म्हणजे जुन्या आकड्याशी ताडून बघता येतं. जेल असलेली नळी नको, साधी लाल टोपणाची माग. जेल थोडं औषध शोषून घेतं आणि आकडा खोटा कमी येतो. मिलीला १५ ते ४० मायक्रोग्रॅमच्या मध्ये हवा, आपले डॉक्टर २५ च्या आसपास ठेवतात. यकृताची तपासणी त्याच रक्तात.

गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. घरात दहा दिवसांच्या उरल्या की दुकानात फोन कर, दिवाळीत तर आधीच. चिठ्ठीची प्रत देव्हाऱ्याखालच्या खणात आहे.

तुझी
आई

ता. क. जिन्याच्या फाटकाची खालची कडी लावत जा. वरची तो नाकाने उघडतो.