खूण कधीची, हेही दिसू द्या

उपग्रह, रडार आणि ड्रोनची माहिती एकाच पडद्यावर आणून सेनाधिकाऱ्यांना दाखवणाऱ्या यंत्रणांचे कौतुक सध्या सुरू आहे. हवाई दलाची आयएसीसीएस ही हवाई संरक्षणाची एकात्मिक नियंत्रण यंत्रणा आणि लष्कराची तशीच ‘आकाशतीर’ यांचे काम मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या वेळी देशाने पाहिले. कारगिलची घुसखोरी आपल्याला किती उशिरा कळली, हे आठवले की या खर्चाला मनापासून पाठिंबा द्यावासा वाटतो.

पण पडद्यावरची खूण कोणाची आणि कधीची, हा प्रश्न नाशिककरांनी लावून धरायला हवा. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मीरमधील बडगाममध्ये हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडले. आपल्या शहराचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे त्यात गेले. ही मोठी चूक होती, असे हवाई दलप्रमुखांनी पुढे जाहीरपणे मान्य केले. हेलिकॉप्टर दिसले होते, ते आपले आहे हे ओळखले गेले नाही.

टेहळणी उपग्रह फेरी मारून पुन्हा येतो. सकाळी टिपलेला रणगाडा दुपारपर्यंत भलतीकडे गेलेला असतो. रडारवरची खूण मात्र काही सेकंदांपूर्वीची. दोन्ही सारख्याच ठळक दाखवल्या तर घोटाळा होणारच. म्हणून प्रत्येक खुणेशेजारी ती कधीची, कोणत्या साधनाची आणि किती खात्रीची, हे दिसलेच पाहिजे. देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीत येणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांना पडद्यावर शंका घ्यायलाही आवर्जून शिकवावे.

– एक वाचक, देवळाली कॅम्प, नाशिक