मामा, पाणी दिसायला लागलं

मामा नमस्कार,

तुम्ही काम सोडून गावाला गेलात त्याला आता आठ महिने होत आले. फोन केला की तुम्ही "बरं चाललंय ना, मग झालं" म्हणता आणि दोन मिनिटात ठेवून देता, त्यामुळं जे बोलायचं होतं ते राहूनच गेलंय, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितेय. नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. भोसरीत आपल्या वेल्डिंगच्या शेडमधे ज्यांनी तुमच्या हाताखाली काम केलंय त्यांना पहिल्या दोन ओळीतच कळेल. मामींना सांगा वाचून दाखवायला.

मी आयटीआयला वेल्डर ट्रेड करून आले तेव्हा माझा रॉडच्या वेल्डिंगचा हात चांगला होता, एमएसवर (साध्या स्टीलवर) पास, म्हणजे वेल्डिंगची रेघ, सरळ यायचा, स्लॅग, म्हणजे वरची खपली, आख्खाच्या आख्खा सुटायचा आणि मास्तर इतरांना दाखवायचे. मग पहिल्या कंपनीत आर्गॉनवर बसवलं (आर्गॉन गॅस सोडून करायचं वेल्डिंग, टिग म्हणतात ते, पण आपल्याकडं सगळे आर्गॉनच म्हणतात) आणि मला काहीच जमेना. उजव्या हातात टॉर्च, डाव्या हातात फिलर, म्हणजे जोडात वितळवायची तार, दोघांची कामं वेगळी, आणि टॉर्चमधली टंगस्टनची काडी, जिच्या टोकातनं जाळ निघतो, ती नि जॉब (जोडायचा तुकडा) यांच्यात अंतर जेमतेम दोन एमएम. दर मिनिटाला टंगस्टन चिकटायचं. पास काळा, त्यात भोकं, पत्रा वाकडा. तीन आठवड्यांनी तिथल्या सुपरवायझरनं सगळ्यांसमोर सांगितलं की हिचा हात आर्गॉनचा नाही, हिला ग्राइंडिंगला टाका. चार महिने मी ग्राइंडर चालवला आणि ते वाक्य मला खरंच वाटायला लागलं होतं मामा. घरी कुणाला सांगितलं नव्हतं.

आपल्या शेडमधे आले तेव्हा तुम्ही माझ्या हाताकडं बघितलंच नाहीत. मी 1.6 एमएमच्या 304 स्टेनलेस स्टीलच्या पट्टीवर पास मारत होते, तुम्ही मागं उभे राहिलात आणि विचारलंत, "काय दिसतंय तुला?" मी म्हणलं उजेड दिसतोय. "आन पाणी?" मला कळलंच नाही कसलं पाणी. मग तुम्ही माझं हेल्मेट स्वतः घालून बघितलंत आणि म्हणालात, "आगं पोरी, ही 12 नंबरची काच हाय, 55 अँपियरला हितनं तुला फकस्त जाळ दिसणार, पाणी कसं दिसंल?" आणि तुमच्या डब्यातली 10 नंबरची काच काढून बसवून दिलीत. पुढच्या पासला मला पहिल्यांदा ते दिसलं, टंगस्टनच्या टोकाखाली वितळलेल्या स्टीलचं छोटं चकचकीत डबकं, कडेला गोल, थोडं हलणारं. इतके दिवस मी आंधळ्यासारखी वेल्डिंग करत होते आणि सगळे माझ्या हाताला बोल लावत होते, मी पण.

त्या दिवसापासून तुमचं एकच चालू, "पाणी बघ, जाळ काय बघतीयस." फिलर जाळात नाही धरायचा, पाण्याच्या पुढच्या कडेला टेकवायचा, पाणीच त्याला ओढून घेतं. पाणी पसरायला लागलं की उष्णता जास्त झाली, पुढं सरक. पाणी होईचना म्हणजे टॉर्च लांब गेला. मी आधी ठरवून मोजत बसायचे, एक दोन तीन फिलर, एक दोन तीन फिलर, ते तुम्ही सोडवलंत.

पण पास तरी काळाच यायचा. एप्रिल चालू होता, पत्र्याचं शेड, माझ्या पाठीमागं मोठा पंखा फुल्ल. मला वाटलं गॅस कमी पडतोय म्हणून मी फ्लो वाढवत वाढवत मिनिटाला 20 लिटरवर नेला होता. तुम्ही मशिनवरच्या फोटोसमोरची उदबत्ती आणलीत, करंट बंद ठेवून फक्त गॅस सोडलात आणि टॉर्चच्या टोकाच्या कपाजवळ, जिथनं गॅस निघतो, उदबत्ती धरलीत. धूर सरळ आडवा पळाला, पंख्याच्या वाऱ्यानं. पंखा बंद केला तरी धूर कपाच्या तोंडाशी भोवऱ्यासारखा फिरत होता, तेव्हा तुम्ही फ्लो 8 लिटरवर आणलात आणि धूर शांत झाला. आर्गॉन दिसत नाही, वास येत नाही, आणि जास्त जोरानं सोडला तर तोच बाहेरची हवा आत ओढतो, हे मला कुणी शब्दात सांगितलं असतं तर मी मान हलवून विसरले असते. तो धूर मात्र मी विसरणार नाही. आणि पास संपला की टॉर्च लगेच उचलायचा नाही, गॅस थांबेपर्यंत तिथंच धरायचा, नाहीतर शेवटचं पाणी उघड्या हवेत गोठतं आणि तिथंच तडा जातो, हे पण तेव्हाच.

टंगस्टन चिकटायचं थांबायला अजून वेळ लागला. दर वेळी उठून ग्राइंडरपर्यंत जायचं, टोक काढायचं, परत येऊन बसायचं, तोपर्यंत आधीच्या पासला काय चुकलं ते डोक्यातनं गेलेलं. तुम्ही सांगितलंत सकाळी आल्या आल्या दहा टंगस्टन टोक काढून डब्यात ठेव, चिकटलं की बदल आणि बसल्या जागी पुढं चालू कर. रेघा लांबीच्या दिशेनं आल्या पाहिजेत, गोल नाही, नाहीतर जाळ भरकटतो. लाल टोकाच्या टंगस्टनमधे थोरियम (किरणोत्सर्गी धातू) असतं, घासताना ती धूळ नाकात जायला नको म्हणून तुम्ही माझ्यासाठी मास्क आणलात आणि नंतर मालकांशी बोलून सगळ्यांसाठीच सोनेरी टोकाचे लँथनमवाले मागवलेत. त्याबद्दल शेडमधल्या सगळ्यांकडून आभार, कुणी बोललं नसलं तरी.

हात थरथरायचा त्यावर तुमचं, "लिव्हताना हात हवेत धरतीस का? मग हितं कशाला धरतीस?" कोपर टेकवायचं, मनगट टेकवायचं, करंगळी टेकवायची, काहीच नसलं तर एक पाइपचा तुकडा टेकूला घ्यायचा. डाव्या हाताचा फिलर पुढं सरकवायला तुम्ही खराट्याच्या काड्या दिल्यात, घरी बसून सराव कर म्हणालात. मी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत काडी अंगठ्यानं पुढं ढकलत बसायचे, आई विचारायची हे काय चाललंय. महिनाभरात बोटं आपोआप करायला लागली.

आणि तो पाइप. डेअरीच्या लायनीचा दोन इंची, 1.6 जाडीचा. बाहेरनं माझा जॉइंट इतका सुंदर आला होता, सोनेरी रंग, एकसारख्या लाटा, मी फोटो काढून घेतला. तुम्ही तो उभा कापलात. आत काळी खरबरीत साखर धरली होती, मागनं आर्गॉन न सोडल्यामुळं. तुम्ही माझं बोट धरून त्यावरनं फिरवलंत आणि म्हणालात इथं दूध अडकणार, कितीही धुतलं तरी निघणार नाही, आणि ते दूध कुणाचं तरी पोरगं पिणार. रागावला नाहीत. मग दोन्ही तोंडं टेपनं बंद करायची, एका बाजूनं आर्गॉन, दुसऱ्या बाजूला बारीक भोक, आतली हवा निघून जायला थांबायचं, घाई करायची नाही. दुसरा पाइप कापला तेव्हा आतून पण चांदीसारखा होता. मला रडू आलं होतं, तुम्ही बघितलंत आणि चहा आणायला निघून गेलात. मामा मी ते बघितलं होतं.

तुम्ही मला टेक्निक शिकवलंत ते तर आहेच, पण माझा जॉब बिघडला की तुम्ही प्रत्येक वेळी कारण शोधलंत. काच, पंखा, फ्लो, तेलकट पत्रा, एमएसवर वापरलेला ब्रश एसएसवर (स्टेनलेसवर) मारलेला. कारण सापडलं की ते दुरुस्त होतं. "हात नाही" याला दुरुस्तीच नसते, त्या एका वाक्यानं मी वेल्डिंग सोडणार होते. तो दोन तुकड्यात कापलेला पहिला पाइप मी फेकला नाही, माझ्या टूलबॉक्समधे आहे, साखरेची बाजू वर करून.

आता मालकांनी अॅल्युमिनियमवर बसवलंय, एसी करंटवर. वरचा ऑक्साइडचा थर 2000 अंशाच्या वर वितळतो आणि आतलं अॅल्युमिनियम 660 लाच, शिवाय ते स्टीलसारखं लाल होऊन काही सांगत नाही, अचानक आरशासारखं चमकतं आणि मी फिलर टेकवेपर्यंत खाली गळून पडतं. काच बदलून बघितली, 11 ची लावली, पंखा बंद आहे, पत्रा अॅसिटोननं पुसते, नवीन ब्रश घेतलाय. पाणी दिसतं मामा, पण उशिरा दिसतं. रविवारी सकाळी फोन करते, तुम्ही शेतातनं आलेले असाल. यावेळी दोन मिनिटात ठेवू नका, सगळं विचारायचंय.

तुमची,
तिसऱ्या टेबलावरची पोरगी