राउटरच्या खोक्यावर दुरुस्तीची शेवटची तारीख छापावी

संपादक महोदय,

बिस्किटांच्या पुड्यावरसुद्धा ते कधीपर्यंत खावे हे छापलेले असते. पण घरोघरी रात्रंदिवस चालू असणाऱ्या राउटरमधील फर्मवेअरला, म्हणजे त्यात भरलेल्या मूळ सॉफ्टवेअरला, सुरक्षेच्या दुरुस्त्या कधीपर्यंत मिळतील, याबद्दल दुकानातील खोके उलटेपालटे करून पाहिले तरी चकार शब्द सापडत नाही. आमच्या गावातील वाचनालयाचे संगणक मी हौसेने सांभाळतो. तेथे इंटरनेट पुरवठादाराने बसवलेल्या राउटरला कित्येक वर्षांत एकही दुरुस्ती आलेली नाही हे लक्षात आल्यावर मी विचारणा केली, तेव्हा ‘चालतोय ना? मग कशाला हात लावता?’ एवढेच उत्तर मिळाले. त्यात दुसरे फर्मवेअर घालण्याची वाटही बंद करून ठेवलेली होती.

वास्तविक यावर पर्याय आहे आणि तो जुना आहे. लिंकसिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली वापरल्याचे २००३ मध्ये उघडकीस आले, जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या अटीमुळे कंपनीला त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्राम, खुला करावा लागला, आणि त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा राउटरच्या फर्मवेअरचा मुक्त प्रकल्प उभा राहिला; त्याच्या नावातील अक्षरे त्या राउटरचीच आहेत. हे फर्मवेअर साध्या संगणकावरही चालते, म्हणून मी पीसी इंजिन्स या स्विस कंपनीचा एपीयू२ हा छोटा संगणक जुन्या बाजारातून घेतला. तीन नेटवर्क पोर्ट, पंखा नाही, आणि वीज सहा ते बारा वॅट, म्हणजे एका एलईडी दिव्याएवढी.

अडचण एकच होती: त्याला पडदा जोडण्याची सोयच नाही. सिरियल केबलने लॅपटॉप जोडून, वेग सेकंदाला ११५२०० बिट ठेवून, त्याच्याशी अक्षरांतूनच बोलावे लागते. पेनड्राइव्ह न वापरता नेटवर्कवरून बूट करायचे, म्हणजे संगणक सुरू करायचा, असे ठरवले, कारण मला ती पद्धत शिकायची होती. सुरुवातीला एफ१० दाबून नेटवर्क बूट निवडले की हा संगणक डीएचसीपीने, म्हणजे जाळ्यातील यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, पत्ता मागतो, त्या उत्तरातच कोणती फाइल कोठून घ्यायची हे त्याला कळते, आणि ती फाइल तो टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने लॅपटॉपवरून ओढून घेतो. अशा रीतीने अल्पाइन ही लिनक्सची छोटी आवृत्ती केवळ रॅममध्ये सुरू करायचे, मग ओपनडब्ल्यूआरटीची इमेज, म्हणजे तयार प्रत, डिस्कवर लिहायची, एवढाच बेत होता. पहिल्या खेपेस फाइल उतरली आणि लॅपटॉपचा पडदा निःशब्द झाला. संगणक बिघडला असे समजून मी अर्धा तास वाया घालवला. प्रत्यक्षात कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, संदेश सिरियल पोर्टवर पाठवायला सांगणारी एक ओळ, म्हणजे ‘कन्सोल’ची, लिहायची राहून गेली होती.

दुसरी चूक अधिक लाजिरवाणी. लॅपटॉपवरील डीएचसीपी सेवा चालू असतानाच मी त्याची केबल वाचनालयाच्या मुख्य स्विचमध्ये खोचली, त्यामुळे एकाच जाळ्यात पत्ते वाटणारे दोघे झाले आणि स्पर्धा परीक्षेचे अर्ज भरत बसलेल्या मुलांचे इंटरनेट गेले. केबल काढली, संगणक पुन्हा सुरू केले, मुलांची माफी मागितली. त्यानंतर दोन यंत्रांमध्ये थेट केबल टाकूनच काम केले. इमेज डिस्कवर लिहिण्याची आज्ञा देण्याआधी डिस्कचे नाव तीनदा वाचले, कारण ती आज्ञा ‘नक्की ना?’ असे विचारत नाही. पुन्हा सुरू केल्यावर १९२.१६८.१.१ या पत्त्यावर ओपनडब्ल्यूआरटीचे सेटिंगचे पान उघडले. प्रथम पासवर्ड ठेवावा लागतो, कारण सुरुवातीला तो नसतोच. जुना राउटर आता केवळ वाय-फाय पुरवतो, पत्ते वाटणे आणि फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या नको त्या जोडण्या अडवणे, हे काम नव्या यंत्राकडे आहे.

पण हा उद्योग प्रत्येक गृहिणीने किंवा दुकानदाराने करावा अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे, आणि म्हणूनच हे पत्र. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती उपकरणांच्या उत्पादकाला सुरक्षा-दुरुस्त्या किमान कधीपर्यंत देणार ते जाहीर करावे लागते. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून ग्राहक आपल्या पसंतीचा राउटर वापरू शकतो, पुरवठादार स्वतःचाच माथी मारू शकत नाही. आपल्याकडेही खोक्यावर ती तारीख छापण्याची सक्ती व्हावी, आणि ती उलटल्यावर निदान मुक्त फर्मवेअर घालण्यासाठी कुलूप उघडून देण्याचे बंधन उत्पादकावर असावे.

तोपर्यंत एक विनंती आपल्याला आहे. आपल्या दैनिकात नव्या उपकरणांची ओळख करून दिली जाते, तेव्हा वेग आणि अँटेनांच्या संख्येबरोबर ‘दुरुस्त्या कधीपर्यंत?’ हा प्रश्नही कंपनीला विचारावा आणि मिळालेले उत्तर, किंवा उत्तर मिळाले नाही हे, छापावे.

आपला नम्र,
एक वाचक, सातारा